स्टीलचा डबा

पोस्टरवर नाबरांनी टोकदार कमानी काढल्या होत्या,
दोन मनोरे, मनोऱ्यावर वटवाघूळ,
आणि खाली ठळक: गॉथिक मठाजवळ खजिन्याचा शोध.
शनिवारी सकाळी सात. टोपी व पाणी सोबत आणणे.
गॉथिक कशावरून, मी विचारलं.
मठ म्हटल्यावर पोरांना काहीतरी दिसायला नको का, म्हणाले.

दिसलं ते असं:
उम्म अल क्वैनच्या खाडीपलीकडे, तिवरांच्या मागे,
घोट्याएवढ्या भिंती.
एक चौकोन, त्याला लागून आणखी एक चौकोन,
मुलींनी खडूनं ठिक्कर आखावी
आणि आईची हाक आल्यावर तशीच टाकून जावी, तसे.
एवढंच? केतकी म्हणाली.
तिच्या गेममधल्या मठात निदान एक सांगाडा तरी असतो.

मोतालेब, राखणदार, भोला बेटावरचा,
झाडूच्या दांड्यानं दाखवत गेला:
इथं भट्टी, पावाची. इथं पाण्याचं टाकं.
इथं झोपायचे, एकेकटे.
मग कुठे गेले?
गेले, तो म्हणाला. भांडण नाही, आग नाही.
नोकरी संपल्यावर जातात तसे.
आमच्यातल्या तिघांनी उगाच चपलेतली वाळू झाडली.

चिठ्ठ्या सगळ्या सापडल्या.
पहिली तिवराच्या मुळात, दुसरी पालथ्या होडीखाली,
तिसरी शिंपल्यांच्या ढिगात,
चौथी मोतालेबच्या खिशात. त्याला पढवून ठेवलं होतं,
"मामा, खजिना" म्हटल्याशिवाय द्यायची नाही.
तिच्यावर माझ्या अक्षरात:
भिंतींच्या बाहेर, फुटक्या दगडापासून
सात पावलं समुद्राकडे.

सात पावलं पोरांनी मोजली, मग मोठ्यांनी,
मग मी, कारण पुरला मीच होता,
काल संध्याकाळी, चपला हातात घेऊन.
रात्री शमाल सुटला होता.
दगड होता. समुद्र होता.
मधली वाळू नवीन होती.
आम्ही कागदी थाळ्यांनी उकरलं,
नाबर क्रिकेटचा स्टंप टोचत फिरले,
मोतालेब ओरडत राहिला, भिंतीच्या अलीकडे नाही,
बाबांनो, अलीकडे नाही!
दहाला ऊन डोक्यावर आलं.
निषादला उलटी झाली, उन्हानं किंवा हरल्यामुळे.
बक्षीस सगळ्यांना वाटून दिलं: चॉकलेट, पातळ झालेलं.
होडीत कुणी फारसं बोललं नाही.

डब्यात बेसनाचे लाडू होते, एकवीस.
त्यांचं काही नाही.

एप्रिलमध्ये फोन आला.
शारजात, लॅबमध्ये, माझ्या हातात कुणाचं तरी रक्त.
बाजी, हवा उलटी फिरली. डब्बा वर आला.
आणि लाडू?
मुंग्यांनी घर केलं.
पण झाकणावर कोरलंय काहीतरी, तो म्हणाला.
इथं कोरलेलं सापडलं की साहेबांना दाखवावं लागतं,
वहीत चढवावं लागतं. काय लिहिलंय?

मला बघायची गरज नव्हती.
ठिपक्याठिपक्यांचं ते अक्षर, तिरकं होत गेलेलं,
बोहारणीला द्यायच्या भांड्यांतून मी दोनदा ओढून काढलंय:
कु. शालन बापू रेडकर. मराठीत पहिली. सन १९८९.
वाचलं. त्यानं परत वाचायला लावलं. परत वाचलं.

मागं सेंट्रिफ्यूज फिरत होतं.
माझ्या बिल्ल्यावर एस. तेंडोलकर आहे,
केतकीच्या मैत्रिणींसाठी आंटी,
बँकेसाठी एक नंबर.
शालन अशी हाक शेवटची कुणी मारली,
आठवत बसायला वेळ नव्हता, नमुने थांबले होते.

कौन है ये? मोतालेबनं विचारलं.
होती एक, म्हटलं.
फोनमध्ये वारा वाजत होता, आणि पेन शोधतोय तो, तसंही काहीतरी.
यहाँ की?
जूनपर्यंत, मी म्हणाले.